एका मोसमात ५९ विजय! करारातून सुटण्यासाठी हात पणाला लावणारा पिचर कोण होता?

बेसबॉलमध्ये क्रिकेटच्या गोलंदाजासारखी भूमिका पिचरची असते. संघ जिंकला की तो विजय एका पिचरच्या नावावर लागतो. आज मोसमात २० विजय मिळवणं मोठी कामगिरी ठरते. अमेरिकेच्या चार्ल्स रॅडबोर्नने १८८४ मध्ये ५९ विजय मिळवले. हा विक्रम अजून अबाधित आहे.

कोण होता रॅडबोर्न?

जन्म ११ डिसेंबर १८५४, न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर. वडील इंग्लंडहून आलेले खाटीक. रॅडबोर्न इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनमध्ये वाढला आणि १८८१ मध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज संघात आला.

१८८४ मध्ये काय घडलं?

संघाचा दुसरा पिचर होता तरुण चार्ली स्वीनी. दोघांचं पटत नव्हतं. जुलैमध्ये बेशिस्तीमुळे रॅडबोर्न निलंबित झाला. काही दिवसांतच स्वीनी सामना अर्धवट सोडून निघून गेला आणि संघातून काढला गेला. संघ बंद पडण्याची वेळ आली.

तेव्हा रॅडबोर्नने सौदा केला: उरलेला मोसम मी सांभाळतो, पण मोसम संपल्यावर मला मोकळं करा आणि पगार वाढवा.

ही अट का घातली?

त्या काळी करारात ‘राखीव’ कलम असे. करार संपला तरी खेळाडूवर जुन्याच संघाचा हक्क राहायचा. दुसरीकडे जास्त पैसे मिळत असले तरी जाता येत नसे.

किंमत काय मोजली?

रॅडबोर्नने ७३ सामने सुरू केले आणि सगळे स्वतःच पूर्ण केले. सलग १८ सामने जिंकले. हात इतका दुखायचा, की केस विंचरायलाही तो वर जात नसे, असं सांगितलं जातं. प्रॉव्हिडन्सने लीग जिंकली. नंतर न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सविरुद्धच्या अजिंक्यपद मालिकेतले तिन्ही सामनेही त्यानेच जिंकून दिले.

पुढे काय झालं?

मोकळीक मिळूनही तो वाढीव पगारावर प्रॉव्हिडन्समध्येच राहिला. वर्षभरात संघच बंद पडला. १८९१ मध्ये त्याची कारकीर्द संपली. पुढे ब्लूमिंग्टनमध्ये त्याने दारूचा गुत्ता चालवला. शिकारीत गोळी लागून एक डोळा गेला. ५ फेब्रुवारी १८९७ रोजी ४२व्या वर्षी त्याचं निधन झालं. १९३९ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला.

राखीव कलमाची पकड मात्र १९७५ च्या लवादाच्या निकालानंतरच सुटली. रॅडबोर्नने एकट्यापुरती मिळवलेली मोकळीक इतरांच्या वाट्याला यायला ९१ वर्षं लागली.