शाळा अंगणात आणणाऱ्या ताराबाई

जून उजाडला, की सिडकोपासून गारखेड्यापर्यंत बालवाड्यांच्या भिंतींवर नवी चित्रे चढतात. छतापासून फरशीपर्यंत कार्टून, बाराखडी, फळे, प्राणी. पालक ते पाहून खूश होतात आणि प्रवेश घेतात. तीन वर्षांचे मूल मात्र बाई रागावतील का, पाण्याचा माठ हाताला येतो का, शू लागली तर कुणाला सांगायचे याच चिंतेत असते. वर्ग मुलाला आपला वाटावा म्हणजे काय, या प्रश्नावर महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्य घातले, त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे शिकायला मोकळीक होती. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत गेली, पण संसार टिकला नाही. पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद मिळाले. पगार, मान, सगळे होते. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. त्या काळात एकट्या बाईने हा निर्णय घेणे सोपे नव्हते.

गिजुभाई मूळचे वकील. इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत त्यांनी गुजरातच्या मातीत रुजवली होती. तिथे छडी नव्हती आणि बक्षीसही नव्हते. मॉन्टेसरींच्या पद्धतीत कपाटे मुलांच्या उंचीची, वस्तू ठरलेल्या जागी, मुलाने स्वतः काढायच्या आणि स्वतः परत ठेवायच्या. वरवर ही टापटीप वाटते. पण वस्तू रोज त्याच जागी सापडली, की लहान मुलाला पुढे काय होणार याचा अंदाज येतो. अंदाज आला, की भीती ओसरते आणि हात कामाला लागतात. घाबरलेल्या मुलाचे सारे लक्ष धोक्यावर असते, शिकायला ते उरत नाही.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. ते नावारूपाला आले, पण येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतली होती. गरिबाच्या मुलाचे काय, ही टोचणी त्यांना राहिली. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि कायमच्याच राहिल्या.

बोर्डीची बालवाडी सुरू झाली, पण हरिजन वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. तयार केलेली जागा चांगलीच होती, पण ती त्यांची नव्हती. ताराबाईंनी मुलांना ओढून आणण्याऐवजी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात झाडलोट करायची, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. आई चार पावलांवर दिसत असे. अंगणवाडी ती हीच. स्वच्छता इथे अभ्यासक्रमातच बसली होती, हे आरोग्याच्या दृष्टीने विशेष.

साहित्याचेही तेच. मॉन्टेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग. बोर्डीत शिंपले, खडे, बिया, पाने, माती फुकट होती. लहान-मोठे लावायला, मोजायला, खरखरीत आणि गुळगुळीत ओळखायला शिंपला लाकडी ठोकळ्याइतकाच उपयोगी. शिवाय तो मुलाच्या ओळखीचा!

पुढे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तिथे नवी अडचण समोर आली. मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली. ही विकासवाडी. गुरे राखणारी मुले तरीही सुटत होती, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. प्रत्येक वेळी मूल का येत नाही हे आधी पाहिले गेले आणि मग वर्ग बदलला गेला. मला या साऱ्या कामातला हाच भाग सर्वांत शास्त्रीय वाटतो.

भिंतींच्या चित्रांकडे परत येऊ. २०१४ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवर्गातील मुलांना काही धडे गच्च सजवलेल्या खोलीत आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत दिले. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष जास्त विचलित झाले आणि शिकणे कमी झाले. प्रयोग छोटा होता, त्यावरून भिंती कोऱ्याच ठेवा असे कुणी म्हणू नये. मुलांनी काढलेली दोन-चार चित्रे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत आणि काही दिवसांनी बदलावीत. रंगाच्या खर्चातून एक सतरंजी, बुटकी मांडणी आणि हात पोचेल असा नळ होऊ शकतो.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी म्हणू लागले. आज आपल्या शहरातल्या अनेक वस्त्यांत ती भाड्याच्या एका खोलीत भरते, आणि तिला बहुधा अंगण नसते.