गॅरी किल्डॉल: छोट्या चिपसाठी मोठ्या मशीनवर कोड बांधणारा प्रोफेसर

रास्पबेरी पायसाठी पायथॉनचा इंटरप्रिटर लॅपटॉपवरच कसा क्रॉस-कंपाइल करायचा, याच्या पायऱ्या मी टीमसाठी लिहून ठेवतोय. यात नवीन माणूस हमखास अडकतो तो ‘बिल्ड’ आणि ‘होस्ट’वर. कंपायलर जिथे चालतो ते मशीन बिल्ड, आणि तयार झालेला इंटरप्रिटर जिथे चालणार ते होस्ट. हा फरक समजावताना मला दरवेळी गॅरी किल्डॉल आठवतो.

जन्म १९४२, सिएटल. घरच्यांची नौकानयन शिकवणारी शाळा होती, तिथे त्याने शिकवलंही. १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून पीएचडी, आणि नोकरी मॉन्टेरीच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये प्रोफेसरची. कंपायलर ऑप्टिमायझेशनमधल्या डेटा-फ्लो ॲनालिसिसवरचा त्याचा १९७३ चा पेपर पायाभूत मानला जातो.

त्याच सुमारास इंटेलला सल्ला देताना त्याने ८००८ चिपसाठी पीएल/एम ही भाषा बनवली. आता अडचण बघा: ८००८ ला जास्तीत जास्त १६ केबी मेमरी जोडता यायची. कंपायलर त्यात मावणार कसा? म्हणून त्याने तो फोरट्रानमध्ये लिहिला आणि मोठ्या कॉम्प्युटरवर चालवला; बाहेर पडायचा तो मात्र ८००८ चा मशीन कोड. जोडीला सिम्युलेटरही लिहिला, म्हणजे चिप हातात नसतानाही कोड तपासता येईल. आज आपण क्यूईएमयू वापरतो ते याच कामासाठी की!

पुढे १९७४ मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीमही त्याने पीएल/एममध्येच लिहिली. त्याचा विद्यार्थी गॉर्डन युबँक्स याने १९७६ मध्ये प्रबंधासाठी बेसिक-ई केलं, तेही पीएल/एममध्ये. त्यात कंपायलर बेसिकचं रूपांतर मधल्या कोडमध्ये करायचा आणि छोटा इंटरप्रिटर तो चालवायचा. पायथॉनचा बाइटकोड याच जातकुळीतला.

पत्नी डोरोथीसोबत काढलेली डिजिटल रिसर्च कंपनी जोरात चालली. पण १९८० च्या आयबीएम प्रकरणानंतर बाजार मायक्रोसॉफ्टकडे गेला. भेटीच्या दिवशी तो विमान उडवत होता, एवढाच किस्सा लोक रंगवून सांगतात. आयबीएम पीसीवर सीपी/एम-८६ ची किंमत २४० डॉलर आणि पीसी-डॉसची ४०, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते खरा घाव तिथेच बसला.

१९९१ मध्ये नॉव्हेलने कंपनी विकत घेतली. ११ जुलै १९९४ ला, वयाच्या ५२ व्या वर्षी, मॉन्टेरीतच तो गेला. सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड २०१४ मध्ये कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने उपलब्ध केलाय. सी येत असेल, तर त्यातलं पीएल/एम बरंचसं वाचता येतं.