भडकल दरवाजाचा निर्माता मलिक अंबर

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी पूर्वजांची चरित्रे प्रसिद्ध होतात आणि ती व्हावीत हे योग्यच होय. यंदा मात्र ज्याला या भूमीत ना कुळ होते, ना गोत्र, ना भाऊबंद, अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांसमोर ठेवण्याची अनुज्ञा आम्ही संपादकांकडून मागून घेतली आहे. त्याचे कारण प्रथम निवेदन केले पाहिजे.

भोकरच्या परिसरात अध्यापन करीत असता आम्ही मुलांची सहल कंधारच्या भुईकोटात नेत असू. खंदक ओलांडून दरवाजाशी आलो की, हा कोणी बांधला, असा प्रश्न मुले हटकून करीत. आम्ही एखाद्या राजाचे नाव सांगून वेळ मारून नेत असू. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हा आमचे अज्ञान आम्हांस कळले. हा किल्ला ज्यांच्या ताब्यात राहिला, त्यांत मलिक अंबर हे एक नाव आढळले आणि त्या नावाचा माग घेत आम्ही निराळ्याच एका दरवाजाशी जाऊन पोचलो.

मलिक अंबराचा जन्म इ. स. 1548 च्या सुमारास आफ्रिकेतील हबसाण देशात झाला. त्याचे मूळ नाव चापू. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमधील मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला लिहिणे-वाचणे शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे त्याला दक्षिणेत आणून निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यास विकण्यात आले. हा चंगेजखान स्वतः एके काळी हबशी गुलामच होता. राज्याचा कारभार आणि सैन्याची व्यवस्था अंबराने त्याच्यापाशी पाहिली. धन्याच्या मृत्यूनंतर त्याला दास्यातून मुक्तता मिळाली. काही वर्षे त्याने विजापुरास चाकरी केली. मलिक हा किताब त्याला तेथेच मिळाला. सन 1595 च्या सुमारास, पदरी जमवलेले सुमारे दीडशे स्वार घेऊन, तो पुन्हा निजामशाहीत आला.

सन 1600 मध्ये चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य संपले असेच सर्वांनी मानले. परंतु अंबराने राजघराण्यातील एका पुरुषाला परांड्यास मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि झुंज पुढे चालू ठेवली. सन 1602 मध्ये आपल्या नांदेडजवळ खानखानान अब्दुर्रहीम याचा पुत्र इरज याने त्याचा पराभव केला. अंबर रणांगणात जबर जखमी होऊन पडला. शत्रूच्या हाती तो लागणार, इतक्यात त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेले. ज्याचे चरित्र नांदेडजवळच संपावयाचे, तो अशा रीतीने वाचला.

पुढे विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाने कंधारचा किल्ला त्याच्या स्वाधीन केला. सन 1610 च्या सुमारास अंबराने खडकी या गावी नगर वसवले. मोगलांवर मिळवलेल्या विजयाचे स्मारक म्हणून 1612 मध्ये तेथे उंच कमानींचा भडकल दरवाजा उभारला. नांदेडच्या पराभवास तेव्हा दहा वर्षे झाली होती.

या दरवाजाची खरी गोष्ट त्याच्या दगडांत दिसत नाही. दरवाजा म्हटला की त्याच्या दोन्ही बाजूंस तट असावयाचा. पण या नगराचा तट औरंगजेबाच्या काळी, 1682 च्या सुमारास, बांधला गेला. दरवाजा त्याच्या सत्तर वर्षे आधीचा! शत्रूला अडवण्यासाठी नव्हे, तर पडलेला मनुष्य पुन्हा उभा राहतो हे सांगण्यासाठी तो बांधला गेला, असे आम्हांस वाटते. खडकीचे फतेहनगर झाले, फतेहनगरचे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. भडकल दरवाजा मात्र जागच्या जागी आहे.

अंबर केवळ लढवय्या नव्हता. जमिनीची प्रतवारी लावून पिकाच्या मानाने सारा ठरवण्याची त्याची पद्धत मलिकंबरी धारा म्हणून महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहिली. डोंगराकडील पाणी जमिनीखालून बांधीव नहरीने त्याने शहरात आणले. मराठा सरदारांना त्याने जवळ केले. सन 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच धारातीर्थी पडले. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात अंबराला वारंवार शिव्या मोजल्या आहेत. तथापि त्याच दरबारच्या मुतमदखान या इतिहासकाराने अंबराच्या मृत्यूनंतर त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. सन 1626 मध्ये, सुमारे 78 वर्षांचा होऊन, अंबर निवर्तला. खुलताबादेस त्याची कबर आहे. त्याच्यामागे दहा वर्षांतच निजामशाही लयास गेली.

हे चरित्र वाचीत असता आम्हांस आमच्या वर्गातील एक पोरका मुलगा वारंवार आठवला. शाळेत नाव घालताना आम्ही त्याला प्रथम त्याचे घराणे विचारले होते. तो मान खाली घालून उभा राहिला. आम्ही त्याला मागच्या बाकावर बसवले आणि वर्षभर पुन्हा फारसे काही विचारले नाही. पुढे तो शाळेत दिसेनासा झाला. मीर कासिमने एका विकत घेतलेल्या पोराला अक्षरे शिकवली. आम्हांस, वेतन घेऊनही, तेवढे साधले नाही.

आपल्या मंडळातील प्रत्येक कुटुंबाने आपल्या कुळाचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु दारी आलेल्या मुलाला, तू कोणाचा, हे विचारण्यापूर्वी, तुला काय शिकावयाचे आहे, हे विचारावे. मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून अशा एका तरी निराधार मुलाचे शिक्षण व्हावे, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो, अशी आमची नम्र विनंती आहे. आणि मुलांना घेऊन कधी छत्रपती संभाजीनगरास जाणे झाले, तर भडकल दरवाजाखाली क्षणभर थांबून त्यांना ही हकीकत अवश्य सांगावी. कंधारच्या दरवाजात आम्हांस जे सांगता आले नाही, ते यंदा या पानांवर सांगितले आहे.