विश्लेषण : प्रतिजैविकांशिवाय जखम बरी करण्याचा विचार फ्लेमिंग यांनी आधीच केला होता?

औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे चिघळलेल्या जखमांसाठी सध्या प्रतिजैविक नसलेल्या हायड्रोजेलवर जगभर संशोधन सुरू आहे. त्यामागचा मूळ विचार पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या आयुष्यात पेनिसिलिनच्याही आधी सापडतो.

युद्धात काय दिसले?

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील शेतकरी कुटुंबात झाला. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ते जिवाणूशास्त्राकडे वळले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बुलोन येथे, एका कॅसिनोत थाटलेल्या प्रयोगशाळेत ते काम करत. गोळीतून वाचलेले अनेक सैनिक जखम चिघळून दगावत. डॉक्टर जखमेत जंतुनाशके ओतत. फ्लेमिंग यांनी काचनळीला पोकळ काटे काढून कृत्रिम जखम बनवली. जंतुनाशक ओतल्यावरही काट्यांच्या टोकांतील जिवाणू जिवंत राहिले. उलट, शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच आधी मेल्या. मृत मांस काढून मिठाच्या पाण्याने जखम धुवावी, असा आग्रह त्यांनी व त्यांचे वरिष्ठ आल्मरोथ राइट यांनी धरला. तो फारसा मानला गेला नाही.

पेनिसिलिनपर्यंत कसे पोहोचले?

शरीराला इजा न करता जंतू मारणारे काही आहे का, हा शोध सुरूच राहिला. १९२२ मध्ये त्यांनी अश्रू, लाळ आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम जगापुढे आणले. पण घातक जंतूंपुढे ते दुबळे ठरले. सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर एका बशीत बुरशीभोवतीचे जंतू नष्ट झालेले दिसले. पुढे ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि सहकाऱ्यांनी त्यातून औषध घडवले. १९४५ चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना विभागून मिळाले.

इशारा कोणता दिला?

नोबेल व्याख्यानातच त्यांनी बजावले, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. ११ मार्च १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये मेथिसिलिनलाही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे ‘एमआरएसए’, नोंदवला गेला.

हायड्रोजेलशी नाते काय?

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारे मऊ जाळे. ते वेड्यावाकड्या जखमेत नीट बसते आणि ती ओलसर ठेवते. काही जेलमध्ये कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारे कायटोसन असते. त्याचा धन विद्युतभार जिवाणूंचे आवरण बिघडवतो. म्हणजे जंतूंवर मारा होतो, पण प्रतिजैविक खर्ची पडत नाही. शरीरात हेच कायटोसन हळूहळू विरघळवण्याचे काम करते ते फ्लेमिंग यांचे लायसोझाइम!

अशी अनेक जेल अजून प्रयोगशाळेतच आहेत. शिवाय संसर्ग रक्तात पसरला, तर प्रतिजैविकांना पर्याय नाही. म्हणूनच वरवरच्या जखमा त्यांच्याविना बऱ्या होणे महत्त्वाचे. जीवावर बेतेल तेव्हा ती औषधे चालायला हवीत.