विश्लेषण : पदवी नसलेले सलीम अली ‘डॉ.’ कसे झाले? पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी इतकी महत्त्वाची का?

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. नवी मुंबईच्या खाडीकिनारी आणि पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात या दिवसांत दुर्बिणी घेतलेले विद्यार्थी दिसतात. सलीम अलींचे नाव अशा कार्यक्रमांत हमखास घेतले जाते, ते जंगलात फिरणारा माणूस म्हणून. मात्र जंगलाआधी त्यांना घडवले ते संग्रहालयांनी आणि एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने. तिथे त्यांनी काय शिकले आणि आजही ते का उपयोगी पडते, ते पाहू.

चिमणी कोणती होती?

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी त्यांना वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता आणि भाच्याच्या हाती छर्‍याची बंदूक आली होती. तिने पाडलेल्या चिमण्यांपैकी एकीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मामा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) सदस्य होते. त्यांनी मुलाला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. ही १९०८ च्या सुमाराची गोष्ट.

ती पीतकंठी चिमणी निघाली. मिलार्ड यांनी नाव सांगून मुलाला परत पाठवले असते, तर विषय तिथेच संपला असता. त्यांनी कपाटांचे ड्रॉवर उघडून आत ओळीने ठेवलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पुढे पक्ष्यांची कातडी जतन करण्याचे काम शिकण्याची सोयही करून दिली.

ड्रॉवरमध्ये नेमके काय असते?

काचेच्या पेटीत फांदीवर बसवलेला पक्षी प्रेक्षकांसाठी असतो. अभ्यासाचा नमुना वेगळा. पक्ष्याचे मांस काढून कातडीत कापूस भरतात, किडीपासून वाचवायला औषध लावतात आणि तो उताणा ठेवतात. दिसायला अगदी बेढब. पण त्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी आणि कोणी मिळवला, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते.

आजच्या भाषेत हा मेटाडेटा. फोटोतून तारीख आणि लोकेशन पुसले तर फोटो सुंदर राहतो, पण पुरावा म्हणून त्याचा उपयोग संपतो. नमुन्याचेही तसेच. चिठ्ठी गळाली की तो शोभेची वस्तू होतो. आणि चिठ्ठी खोटी असेल तर काय होते, याचा एक किस्सा सलीम अलींच्याच एका सहप्रवाशाशी जोडलेला आहे. तो पुढे येतो.

कॉलेज सोडले, मग कॉलेजनेच बोलावले

सलीम १९१३ मध्ये कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात गेले, पण लॉगरिदम आणि वरच्या गणिताने घाबरवले. पहिल्या वर्षानंतर कॉलेज सुटले. कुटुंबाचा ब्रह्मदेशात तावॉय येथे वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता, तिकडे त्यांची रवानगी झाली. धंद्यापेक्षा तिथले जंगलच त्यांनी जास्त पाहिले. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले आणि दावर्स कॉलेजात कायदा व हिशेबनीस शिकू लागले.

इथे फादर एथेलबर्ट ब्लाटर यांचा प्रवेश होतो. मूळचे स्वित्झर्लंडचे हे जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ सेंट झेवियर्समध्ये शिकवत. कॉलेजात १९०६ पासून उभा राहिलेला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आज ब्लाटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. प्रत्येक कागदावर एक फांदी आणि कोपऱ्यात तीच माहिती : ठिकाण, तारीख, नाव. या तरुणाची ओढ कुठे आहे हे ब्लाटर यांनी ओळखले आणि प्राणिशास्त्राच्या वर्गात बसायला लावले. सकाळी दावर्समध्ये जमाखर्च, नंतर झेवियर्समध्ये प्राणी, असा दिनक्रम सुरू झाला. (मिलार्ड आणि ब्लाटर या दोघांनी मिळून भारतातल्या सुंदर झाडांवर पुस्तकही लिहिले आहे.) डिसेंबर १९१८ मध्ये सलीम यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी मात्र मिळाली नाहीच. त्यामुळे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, निसर्ग विभागात गाइड लेक्चरर म्हणून काम मिळाले. पगार महिना ३५० रुपये. येणाऱ्यांना पेट्यांतले प्राणी समजावून सांगायचे. दोन वर्षांत ते कंटाळले, रजा घेतली आणि १९२८ मध्ये जर्मनी गाठली.

बर्लिन आणि किहीम

बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे नमुन्यांच्या म्युझियममध्ये, प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली त्यांनी ब्रह्मदेशातून आलेल्या पक्ष्यांवर काम केले. पंखांची मापे, पिसांचे रंग, चिठ्ठ्यांची पडताळणी. पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांचे स्थलांतर कसे तपासतात, हेही त्यांनी हेलिगोलँड बेटावर पाहिले.

१९३० मध्ये परतल्यावर कळले की पैशांअभावी म्युझियममधले त्यांचे पदच रद्द झाले आहे. वय तेहतीस, पदवी नाही, नोकरी नाही. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून पती-पत्नी अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती आणि वेळ भरपूर होता. पावसाळाभर ते घरट्यांकडे बघत बसले.

मराठीत आपण तिला सुगरण म्हणतो आणि घरट्याचे कौतुकही मादीच्या खात्यात टाकतो. घरटे विणतो नर. अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडले तर ते पूर्ण होते, ती अंडी घालते आणि नर शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सलीम अलींनी हा क्रम तारीखवार नोंदवून सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला. या लेखाने त्यांचे नाव झाले. ड्रॉवरमधल्या शंभर सुगरणी मोजूनही ही माहिती मिळाली नसती. वर्गीकरणाच्या वादांत त्यांचे मन तसेही फारसे रमले नाही, जिवंत पक्षी त्याच्या जागी पाहणे त्यांना जास्त आवडे. पण नोंदीची शिस्त म्युझियममधलीच होती.

नोकरी नाही, मग काम काय?

त्यांनी संस्थानांना प्रस्ताव दिला : राहण्या-फिरण्याचा खर्च द्या, तुमच्या भागातल्या पक्ष्यांची पाहणी फुकट करून देतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी यादी वाढत गेली. तेहमिना तंबूतल्या संसारात सोबत होत्या. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. पुढे ते बहीण आणि मेहुण्यांकडे राहिले.

१९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले. अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्यासह केलेल्या दहा खंडांच्या हँडबुकचा पहिला खंड १९६८ मध्ये निघाला, कर्नाळा अभयारण्य जाहीर झाले त्याच वर्षी. स्वातंत्र्यानंतर बीएनएचएस आर्थिक अडचणीत आली तेव्हा त्यांनी पंतप्रधान नेहरूंकडे मदत मागितली आणि ती मिळाली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. नावामागचे डॉक्टर विद्यापीठांनी दिलेल्या मानद पदव्यांचे.

हेलिगोलँडला पाहिलेली कडीही भारतात मोठ्या प्रमाणावर आली, तीही एका आजारामुळे. कर्नाटकात माकडतापाचा विषाणू सापडला. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून तो आला का, हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांना कडी घातली गेली. कडी म्हणजे जिवंत पक्ष्याच्या पायातली चिठ्ठीच. बीएनएचएसने २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंना सॅटेलाइट टॅग लावले, ते याच कामाचे पुढचे रूप. त्यातल्या एकाला सलीम अलींचे नात्यातले पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचे नाव दिले होते. हुमायून गुजरातला जाऊन पोहोचला.

जुने नमुने सांभाळायचे कशाला?

महाविद्यालयांतल्या आणि संस्थांतल्या संग्रहांना हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जागा अडते, कीड लागते, मुंबईची दमट हवा वेगळीच. सलीम अलींच्या नावाचे एक वटवाघूळ आहे, त्याची गोष्ट उत्तरासाठी पुरेशी आहे. १९४८ मध्ये तमिळनाडूच्या डोंगरात पकडलेला एक नमुना बीएनएचएसच्या संग्रहात साध्या फळभक्षी वटवाघळाच्या नावाखाली पडून होता. थायलंडचे संशोधक किट्टी थाँगलाँग्या यांनी तो पुन्हा तपासला. ती प्रजाती नवी होतीच, पण तिच्यासाठी नवी जातकुळीही (जीनस) करावी लागली. १९७२ मध्ये तिचे नाव ठरले, लॅटिडेन्स सलीमअली. चोवीस वर्षे ती कपाटातच होती. १९७२ मध्येच वन्यजीव संरक्षण कायदाही आला. आता परवानगीशिवाय नमुने गोळा करता येत नाहीत, त्यामुळे जुना नमुना खराब झाला तर त्याची भरपाई जवळपास अशक्य.

खोट्या चिठ्ठीचे काय झाले?

१९३७ मध्ये सलीम अली अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले, ते ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्ट्सहागेन यांच्यासोबत. या साहेबांनी डायरीत सलीम अलींबद्दल तिरकस शेरे मारले होते. सलीम अलींनी ते आपल्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या आत्मचरित्रात स्वतःच छापून टाकले. २० जून १९८७ रोजी सलीम अलींचे निधन झाले. साहेबांच्या खऱ्या उद्योगांचा पुरता उलगडा त्यानंतर झाला. म्युझियमच्या ड्रॉवरमधून इतरांचे नमुने चोरायचे, चिठ्ठी काढायची आणि स्वतःच्या नावाने नवी बांधायची, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले होते.

त्यात एक घुबड होते, रानपिंगळा. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना माइनर्ट्सहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातच्या मांडवीत मिळाल्याचे दाखवले. त्या चिठ्ठीवर विसंबून केलेले शोध रिकामे गेले आणि हा पक्षी नामशेष झाल्याचे मानले जाऊ लागले. अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी नमुन्याची शिवण तपासून चोरी पकडली. मांडवी यादीतून काढून टाकली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून सहकाऱ्यांसह शोध सुरू केला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. शंभराहून अधिक वर्षांनी. त्यानंतर तो मेळघाटात सापडला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या जंगलात.