न आटणारी माया

अंबरनाथ-बदलापूरवरून घाट चढून पुण्याला गेलेली गाडी पुढे दौंडच्या वाटेला लागली, की केडगाव स्टेशन येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. रमाबाईंची विद्वत्ता आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण त्यांना उभं ठेवलं ते देवाच्या मायेवरच्या विश्वासानं, हे फारसं कुणी सांगत नाही.

जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं रमेला. पुढे दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, मग मनोरमा जन्मली आणि १८८२मध्ये कॉलऱ्यानं पतीही गेले. वय अवघं तेवीस! जीव लावावा ते माणूस हातातून निसटत होतं.

१८८३मध्ये त्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅमला ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांचा आश्रम त्यांनी पाहिला. नन्स त्या बायकांचं सगळं प्रेमानं करत होत्या. आपल्याकडे अशा बाईच्या सावलीलाही कुणी उभं राहत नसे! ही माया येते कुठून, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट कळली. पाच नवरे झालेली ती बाई, आणि येशू आपणहून तिच्याशी बोलला. हे त्यांना आतपर्यंत भिडलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण देवाचं प्रेम पुण्य करून कमवावं लागत नाही, ते आधीपासून आपलंच असतं, हे मनात उतरायला आणखी सात-आठ वर्षं लागली. ते ऐकायला सोपं, पटायला अवघडच!

मुंबईत १८८९मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, अशी ओरड झाली आणि १८९३मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती समजण्यासारखी होती. रमाबाईंनी मात्र कामही सोडलं नाही आणि श्रद्धाही लपवली नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. भूक म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. हाडांचे सापळे झालेल्या सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. केडगावला त्यांची जात, त्यांचा भूतकाळ कुणी विचारला नाही. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ निघालं. आंधळ्या मुलींना मनोरमा बोटांनी वाचायला शिकवू लागली.

आणि १९२१मध्ये तीच मनोरमा गेली. आईला ऐकू कमी येत होतं, शरीर थकलं होतं. तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी टाकलं नाही. कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं, इतकी साधी भाषा त्यांना हवी होती. ते काम संपवूनच ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. १९२४मध्ये ते बायबल बाहेर पडलं ते मुक्तीच्याच छापखान्यातून. तिथे खिळे जुळवायला शिकल्या होत्या त्या आश्रमातल्याच बायका.