हेन्री वॉलेस : भावाला आधार की हाती रोख?

संकरित मक्याची पिशवी तुम्ही दर हंगामात आणता. असे बियाणे कंपनी काढून शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक म्हणजे अमेरिकेचे हेन्री वॉलेस (१८८८–१९६५). शाळकरी वयातच त्यांनी प्रदर्शनातल्या देखण्या कणसांचे दाणे वेगवेगळे पेरले आणि देखणे कणीस जास्त उतारा देतेच असे नाही, हे वजन करून दाखवले. १९२६ मध्ये त्यांनी काढलेली बियाणे कंपनी म्हणजेच पुढची पायोनियर.

पण भावाचा प्रश्नही त्यांच्यापुढे होता. १९३२ च्या अखेरीस त्यांच्या आयोवा राज्यात मका बुशेलला, म्हणजे सुमारे २५ किलोला, १० सेंटांवर आला. लोक तो कोळशाऐवजी शेगडीत जाळू लागले.

१९३३ मध्ये वॉलेस कृषिमंत्री झाले आणि दोन्ही उपाय एकाच वर्षी केले. पेरा घटवणाऱ्याला रोख रक्कम दिली. त्यासाठी सुमारे १ कोटी एकर उभा कापूस नांगरला गेला. लोक चिडले, आणि चिडणे रास्तच होते. दुसरा उपाय म्हणजे मक्यावर बुशेलला ४५ सेंट कर्ज. मका शेतावरच्याच कोठारात मोहोरबंद ठेवायचा. भाव चढला तर विकून कर्ज फेडायचे, नाही चढला तर मका सरकारला देऊन मोकळे व्हायचे. बाजार समितीचे शेतमाल तारण कर्ज तुम्ही घेतले असेल. त्यात भाव पडल्याची जोखीम मात्र तुमचीच राहते. अर्थात साठवायला माल आणि कोठार ज्याच्याकडे, त्यालाच हा आधार.

रोख रकमेत मेख वेगळी निघाली. दक्षिणेत कापसाचे पैसे बहुतेक जमीनमालकांच्या हाती पडले. पेरा घटल्यावर बटईदारांचे काम गेले, अनेकांची घरेही गेली. बटईदारांना हटवता येणार नाही, असा कायद्याचा अर्थ लावणाऱ्या खात्यातल्याच अधिकाऱ्यांना १९३५ मध्ये काढून टाकले, आणि वॉलेस यांनी ते होऊ दिले. आम्हाला हा त्यांच्यावरचा डागच वाटतो. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपयेही जमीन नावावर असणाऱ्यालाच मिळतात. खंडाने करणारा बाहेर राहतो, हे तुम्ही गावात पाहताच.

१९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या कायद्याची रोख योजना रद्द केली. १९३८ च्या नव्या कायद्यात कर्ज, सरकारी साठा आणि रोख भरपाई हे तिन्ही एकत्र आले. तो साठा महायुद्धात कामी आला.

१९४१ ते १९४५ वॉलेस उपराष्ट्राध्यक्ष होते. शेवटची वर्षे त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या शेतावर मका आणि स्ट्रॉबेरीच्या जाती निवडण्यात घालवली.